अनुभव धागा: बडोद्यात डिझाइन शिकताना तुमची नजर कुठे तयार झाली?

नमस्कार मंडळी,

मी फाइन आर्ट्सला अप्लाइड आर्ट शिकते, तिसरं वर्ष. घर दांडिया बाजारात. घरात मराठी, गल्लीत गुजराती. यंदा आमच्या मंडळाच्या गणपतीचा फलक दोन्ही भाषांत करायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा लक्षात आलं, की दोन्ही लिप्या मी लहानपणापासून वाचत होते, पण नीट पाहिल्या कधीच नव्हत्या.

ग, म, न, प, व ही अक्षरं दोन्हीकडे जवळपास तीच. गुजरातीत वरची रेघ नाही, एवढंच. पण त्या एका रेघेने काय काय बदलतं! मराठी शब्द वरून धरलेला असतो, गुजराती शब्दाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. एकाच मापात दोन ओळी लावल्या तर शिरोरेघेमुळे मराठी ओळ गडद दिसते आणि तिच्याशेजारी गुजराती फिकी पडते. चार रात्री मी अक्षरांचं माप वाढवत बसले, काही जमेना. शेवटी माप तेच ठेवून गुजरातीची फक्त जाडी एक पायरी वाढवली, तेव्हा कुठे दोघी बरोबरीच्या झाल्या. फलक लागल्यावर शेजारच्या गुजराती काकी म्हणाल्या, "आमचं नाव पहिल्यांदाच खाली कोंबलेलं नाही." त्या वाक्यासाठी मी आणखी चार रात्री जागले असते.

तुम्हाला हे कुठे सापडलं? पाटी, भिंत, कागद, काहीही चालेल. सविस्तर लिहा.

गेंडीगेटवाला
पतंगात. आमच्याकडे उत्तरायणाच्या आधी दोन महिने घरभर पातळ कागद पसरलेला असायचा. निळ्या कागदावर पिवळ्याची पट्टी चिकटवली की उन्हात मधे हिरवा रंग उगवायचा. आई त्यासाठीच प्रत्येक पतंग खिडकीशी धरून बघायची. दिव्याखाली रंग कळत नाही म्हणायची. पुढे छपाईत एका शाईवर दुसरी शाई चढवायला शिकवलं, तेव्हा वर्गात मला एकट्यालाच ते आधीपासून ठाऊक होतं.

देवघर
आजीच्या देवघरातली रविवर्मा छापाची लक्ष्मी. आजी गेल्यावर फ्रेम पुसायला काढली आणि भिंगातून पाहिली. लक्ष्मीचा गाल म्हणजे नुसते ठिपके! गुलाबी, पिवळे, तपकिरी, मधे कोरा कागद. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो आणि सगळे दगड एकमेकांवर अचूक बसावे लागतात. आमच्या लक्ष्मीच्या ओठाचा लाल रंग केसभर बाहेर सरकलाय. ज्या कारागिराच्या हातून तो सरकला, त्याच्याबद्दल मला फार जवळीक वाटते.

मग फतेहसिंह म्युझियममधे जाऊन रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं पाहिली, सयाजीराव महाराजांसाठी काढलेली. ती थोरच आहेत. पण छापखाना निघाला १८९४ मधे, आणि देव घराघरांत पोचले ते त्या दगडांमुळे. दादासाहेब फाळकेसुद्धा आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि पुढे रविवर्म्यांच्या छापखान्यात काम करून मग सिनेमाकडे वळले. मी छपाई निवडली ती या लक्ष्मीमुळे.

खिळेजुळारी
मी लग्नपत्रिका करतो, तीस वर्षं झाली. नवीन मुलांना एकच सांगणं: मजकूर टाकल्यावर ऱ्हस्व वेलांटी तपासा. एकदा घाईत फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली, तर "निमंत्रण"मधली वेलांटी न च्या उजवीकडे जाऊन पडली, जोडाक्षरं सुटी झाली आणि पाचशे पत्रिका तशाच छापल्या गेल्या. सॉफ्टवेअरमधे भारतीय लिप्यांची मांडणी चालू करायची खूण राहिली होती, बस. मुलीच्या वडिलांनी एक शब्द काढला नाही, ते जास्त लागलं. पत्रिका माझ्या खर्चाने पुन्हा छापल्या.

दुसरं, आपला पाकळीचा ल आणि देठाचा श. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात तेच आकार आहेत, पण पुष्कळ फॉन्टांत आधी हिंदी वळणाचे येतात. फॉन्टात सोय असेल तर मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्यावर आपले उमटतात. बडोद्यात हे कोण बघतं, असं विचारू नका. माझी आई बघते.

पेडणे ते पाणीगेट
कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं. पहिल्या वर्षी गंगावतरणासमोर दोन तास बसून नुसत्या मोकळ्या जागा रेखाटल्या. आकृत्या एकही नाही. तेव्हापासून माझ्या पोस्टरवर गर्दी होत नाही.

रावपुरा
माझे आजोबा पाट्या रंगवायचे. सुताला खडू फासून दोन टोकांना धरायचे, मधे चिमटीत उचलून सोडायचे. फळीवर सरळ पांढरी रेघ उठायची. त्या रेघेखाली अक्षरं, ब्रशच्या हाताच्या मनगटाखाली टेकायला काठी. शिरोरेघ मात्र सगळ्यात शेवटी, एका श्वासात. त्या वेळी कोणी हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. फ्लेक्स आल्यावर चार वर्षांत काम संपलं आणि त्यांनी ब्रश रॉकेलमधे बुडवून ठेवणंही सोडलं, ते कडक झाले. मी कॉम्प्युटरवर काम करते, पण शब्दाची रेघ ओढताना अजून श्वास थांबतो.

त्यांची एकच पाटी उरली आहे, आमच्या गल्लीतल्या बंद पिठाच्या गिरणीवर. वर मराठी, खाली गुजराती. तुमचा फलकाचा अनुभव वाचून आत्ता जाऊन पाहून आले. गुजराती अक्षरं जाड आहेत.

धागाकर्ती
रावपुरा ताई, अंगावर काटा आला. रविवारी सकाळी येऊ का? ऊन तिरपं असताना ब्रशचे वळ दिसतील. ट्रेसिंगचा कागद मी आणते.

रावपुरा
ये गं. शिडी शेजारच्या काकांकडे आहे, सांगून ठेवते.