युद्धकाळातलं पोस्टर कॅनव्हासवर: मूळ चिकटवू की ट्रान्स्फर करू?

गिरगाव_स्टुडिओ: विषय 1943 चा आहे: एकीकडे 'ग्रो मोर फूड'चा (अधिक धान्य पिकवा) सरकारी प्रचार, दुसरीकडे बंगालचा दुष्काळ. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर त्या मोहिमेचं पोस्टर मिळालंय, 20 बाय 30 इंच. तेच कॅनव्हासवर चिकटवू का? जेल मीडियमने (घट्ट ॲक्रिलिक माध्यम) ट्रान्स्फर करून पाहिलं, म्हणजे प्रत पालथी चिकटवून वाळल्यावर मागचा कागद भिजवून चोळून काढला, तर चित्र वाळल्यावर पांढुरकं दिसतं. आणि कॉपीराइटचं काय?

भिंगवाला: आधी ते अस्सल आहे का बघा. दहापट भिंगातून चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर शंका घ्या, पण तशी छपाई तेव्हाही होत होती. अंधारात यूव्ही टॉर्चखाली कागद निळा चमकला, तर नंतरची छपाई समजा. कागद चमकवणारी रसायनं युद्धानंतर आली. तसं असेल तर खुशाल फाडा, चिकटवा. अस्सल निघालं तर हात लावू नका, स्कॅनच करा.

शाईचे_हात: पांढुरकेपणा कागदाच्या तंतूंचा आहे. ओले असताना ते दिसत नाहीत, वाळले की वर येतात. पूर्ण वाळू द्या, मग पुन्हा भिजवून बोटांनी गोल गोल चोळा. दोनतीनदा करावं लागतं. जोर लावलात तर टोनरच (लेझर छपाईची पूड) निघतो आणि काळ्या भागात भोकं पडतात. शेवटची धूसर झाक मॅट मीडियमच्या पातळ हाताने जाते.

प्रत लेझरचीच हवी, इंकजेटची शाई पाण्याने पसरते. पूर्ण आकारासाठी चार ए3 पुरतात, कडा सेंटिमीटरभर एकमेकींवर घ्या. प्रिंटआधी चित्र आरशासारखं उलटं करा, नाहीतर घोषणा उलटी उमटेल. मीडियम कॅनव्हासवर जाडसर लावा, प्रत पालथी टाका, मधून कडेकडे जुन्या कार्डाने हवा काढा. पंख्याखाली 24 तास. जुलैत दोन दिवस धरा. मीडियम ओलसर असताना चोळलंत तर चित्रासकट सगळं सुटतं. मीडियमऐवजी साधा फेव्हिकॉल नको, चोळताना पाण्याने तो पुन्हा मऊ होतो.

एक लक्षात असू द्या: पांढरा रंग छापला जातच नाही. तिथे खालचं जे असेल ते दिसतं.

गिरगाव_स्टुडिओ: म्हणजे खाली गोणपाट ठेवलं तर शेतकऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यातून तेच दिसेल?

शाईचे_हात: हो, पण उघड्या विणीवर टोनर तुटक बसतो. गोणपाट 9 मिमी प्लायवर ताणून मीडियमचे दोन हात द्या, मग हलका सँडपेपर. प्लायच्या मागच्या बाजूलाही एक हात द्या, नाहीतर पावसाळ्यात बाक येतो.

कायदा_आणि_कॅनव्हास: भारत सरकारचं प्रकाशन असेल तर प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं कॉपीराइट. 1943 चं पोस्टर 2003 अखेर मोकळं झालं. खासगी कंपनीच्या जाहिरातीला हा हिशोब लावू नका.

कल्पनेबद्दल: हाडाचे सापळे शेजारी चिकटवणं फार सोपं होईल. 1942 मध्ये जपानी येतील या भीतीने बंगालच्या किनारपट्टीवर दहाहून जास्त माणसं नेणाऱ्या होड्या सरकारने काढून घेतल्या. मासेमारी आणि धान्याची ने-आण दोन्ही बसली. पोस्टरवरच्या नांगराखाली होडीची रेषा कोरा, घोषणा तशीच ठेवा.

गिरगाव_स्टुडिओ: होडी ट्रान्स्फरच्या आधी कोरू की नंतर?

शाईचे_हात: नंतर, आठवड्याने. वरून वॉर्निश मात्र कोरून झाल्यावरच.