भंडारदऱ्याचे काजवे : गेल्या वर्षीसारखं परत व्हायला नको

ठाण्याची_आत्या

गेल्या जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. घाटघरच्या रस्त्याला गाड्यांची ही रांग! तरी एका वळणावर अख्खा सादडा एका तालात पेटत-विझत असलेला दिसला. माझी सात वर्षांची भाची काही न बोलता बघत राहिली. तेवढ्यात मागून एक गाडी वळली, तिचा झोत थेट झाडावर पडला आणि झाड विझलं. वीस मिनिटं थांबलो, पण पहिल्यासारखं काही पेटलं नाही.

परतताना भाचीच्या मुठीत एक काजवा निघाला. मेलेला. "हळूच धर" असं तिला मीच सांगितलं होतं. ते अजून मनातून जात नाही.

यंदा घरचे पुन्हा चला म्हणताहेत. अकरा माणसं, दोन गाड्या. जावं का? गेलो तर काय काय सांभाळू?

डांगाणातला

ताई, या. पाऊस लागला की आमच्याकडे भाताची आवणी, खर्चच खर्च. त्याआधी घरात चार पैसे येतात ते पाहुण्यांमुळेच. फक्त शनिवार-रविवार टाळा आणि अमावस्येच्या जवळचा आडवार धरा. रोहिणी सरताना आणि मृग लागताना काजवा भरात असतो. पावसाने झोडपायला सुरुवात केली की संपला.

झाड का विझलं ते सांगतो. नर चमकून मादीला साद घालतो. मादी बऱ्याचदा खाली गवता-झुडपात बसून उत्तर देते. मोठा उजेड पडला की ती खूण एकमेकांना दिसतच नाही. पंख फुटलेला काजवा जगतो जेमतेम दोन-तीन आठवडे, त्यातल्या किती रात्री अशा वाया घालवायच्या? त्याआधी महिनोन्महिने तो अळी म्हणून ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढलेला असतो. त्यामुळे रस्त्याकडेच्या गवतात गाडी घालू नका. तुम्हाला ती मोकळी जागा वाटते, पण माद्या तिथेच बसतात आणि अंडीही तिथल्याच मातीत घालतात.

गाड्या गावात लावा आणि चालत जा. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी बांधा आणि ती पायाशीच धरा. ती विंचू-सापासाठी आहे, काजवे बघायला नाही. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर कुणाला मोबाइल काढू देऊ नका. डास मारायचा फवारा नको, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. जेवण गावातच सांगा. पिठलं-भाकरी स्टीलच्या ताटात मिळेल, कागदी प्लेटा आणायला नकोत.

नाक्यावर पैसे भरून पावती घ्या. १९८६ पासून हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, इथून जीव उचलून नेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

भाचीचं मात्र मनाला लावून घेऊ नका. लहानपणी आम्हीही काडेपेटीत काजवे भरायचो. आजी रागवायची नाही. सकाळी ती काडेपेटी उघडून आमच्यापुढे ठेवायची.

लांब_एक्स्पोजर

मी फोटो काढतो, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. काजव्यांनी खच्चून भरलेलं जंगल तुम्ही फोटोत बघता ना, तसं डोळ्यांना कधीच दिसत नाही. वीस-तीस सेकंदांच्या कितीतरी फ्रेम एकावर एक चढवून ते चित्र होतं. लोक ते बघून येतात, समोर तेवढं दिसत नाही, मग "कुठायत, कुठायत" करत बॅटऱ्या मारतात. यात माझ्यासारख्यांचा वाटा आहे. म्हणून आता प्रत्येक फोटोखाली किती फ्रेम जोडल्या ते लिहितो, आणि झाड नेमकं कुठलं ते लिहीत नाही. एका मोसमात मी एका आंब्याचा पत्ता टाकला होता. पंधरवड्याने गेलो तर बुंध्याभोवतीचं गवत सपाट झालेलं, आणि तिथे बाटल्या पडलेल्या.

मोबाइलने तर काहीच धड येत नाही, ताई. मुलांना आधीच सांगून ठेवा, फोटो मिळणार नाही.

ठाण्याची_आत्या

दोघांचेही मनापासून आभार. शनिवार रद्द केला, अमावस्येआधीचा मंगळवार ठरलाय. भाऊ कुरकुरला, पण रजा टाकतोय. भाचीला हे सगळं वाचून दाखवलं. मादी खाली गवतात असते हे कळल्यावर तिने विचारलं, "मग आपण कुठे उभं राहायचं?" दादा, याचं उत्तर तुम्हीच द्या. आणि अकरा जणांच्या भाकरीचं गावात किती वाजेपर्यंत कळवावं लागेल?

डांगाणातला

रस्त्यावरच, ताई. डांबर सोडायचं नाही. भाकरीचं दुपारी चारपर्यंत कळवा.