'शाळा' वाचली आहे, सिनेमा बघावा का? अनुभव लिहा

लेक यंदा नववीत गेली. मराठी वाचनाची तिची धाव पाठ्यपुस्तकापर्यंतच. मिलिंद बोकिलांची 'शाळा' तिच्या हातात द्यावी असं माझ्या मनात आहे. नवऱ्याचं म्हणणं, आधी सिनेमा दाखव, पुस्तक आपोआप उचलेल. आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या पोरांची ही कादंबरी २००४ ची, सुजय डहाके यांचा सिनेमा जानेवारी २०१२ मध्ये लागला. पुस्तक मला जवळजवळ पाठ आहे आणि म्हणूनच सिनेमा आजवर टाळला.

दोन्ही केलेल्यांनी लिहा. समीक्षा नको, तुमचं काय झालं ते सांगा. दुसऱ्या कादंबऱ्यांवरचे सिनेमेही चालतील. शेवट मात्र फोडू नका.

कट्टेकरी, डोंबिवली
पुस्तक आधी. त्यामुळे सिनेमाचा पहिला अर्धा तास मी मनातल्या मनात भांडत होतो. कादंबरीची सगळी गंमत मुकुंदा जोशीच्या डोक्यात चाललेल्या बडबडीत आहे. मास्तर, बाई, घरातली 'अंबाबाई' म्हणजे बहीण, कोणालाही तो सोडत नाही. पडद्यावर तोच मुकुंदा बराच वेळ गप्प दिसतो. आत काय चाललंय ते मला कळत होतं, कारण मी वाचलेलं होतं. शेजारी बसलेल्या बायकोला कळत नव्हतं.

दुसरी तक्रार गावाची. पुस्तकातल्या चौघांचा अड्डा म्हणजे ती अर्धवट बांधलेली बिल्डिंग. आमच्याकडेही तशी एक होती. विटांचे ढीग, जिन्याला कठडा नाही, वॉचमनची बॅटरी दिसली की मागच्या बाजूने उडी. सिनेमात दिएगो रोमेरोचा कॅमेरा सगळं इतकं देखणं करतो की कुठलीही फ्रेम कॅलेंडरवर छापावी. मला तो देखणेपणा आडवा आला.

पण नंतर भांडण मिटलं. मुकुंदाला आवडणारी शिरोडकर, म्हणजे केतकी माटेगावकर, नुसती वळून बघते तेव्हा मी हिशेब सोडून दिला. बघाच.

उलटी गंगा, नाशिक
माझं नेमकं उलट. सिनेमा आधी, पुस्तक नंतर. वाचताना नरूमामा जितेंद्र जोशीच्या आवाजात बोलत होता आणि आप्पा म्हणजे दिलीप प्रभावळकरच. मला त्याचा काही जाच झाला नाही. उलट शंभरेक पानं भराभर गेली. खरा धक्का बसला तो आणीबाणीचा. सिनेमा बघताना माझं सगळं लक्ष जोशी-शिरोडकरकडे होतं. पुस्तकात मोठ्यांच्या जगातली ती भीती आणि दडपण मुलांच्या कानावर कसं तुकड्यातुकड्याने येतं, ते वाचताना सापडलं. चार ओळी पुढे जाऊन मागे यायची सोय पुस्तकातच असते.

धागाकर्ती
कट्टेकरी, मग परत बघितलात की नाही?

कट्टेकरी, डोंबिवली
सिनेमा नाही. घरी येऊन पुस्तक काढलं. बायकोनेही.

फळा-खडू, कोल्हापूर जिल्हा
मी नववी-दहावीला मराठी शिकवते. एका शनिवारी शाळेच्या प्रोजेक्टरवर दाखवला. बाहेरचं ऊन अडवायला खिडक्यांना सतरंज्या लावल्या होत्या. हशा कुठे पिकणार याचा माझा अंदाज साफ कोसळला. वर्गातल्या खोड्यांवर पोरं फारशी हसली नाहीत, पण मुकुंदाचा धीर होत नव्हता तिथे पाठीमागच्या बाकांवरून "अरे बोल की!" असा ओरडा. संपल्यावर पहिला प्रश्न, "बाई, आणीबाणी म्हणजे कर्फ्यू का?" मग जून १९७५ ते मार्च १९७७ हा सगळा भाग फळ्यावर घ्यावा लागला. इतिहासाच्या तासाला एवढे कान टवकारलेले मी पाहिले नव्हते.

पुस्तकाचं म्हणाल, तर ग्रंथालयातली प्रत एकाने परत आणून दिली, "यात मारामारी उशिरा आहे" म्हणून. दुसरीने नेली ती येईना. शेवटी तिची आई घेऊन आली. म्हणाली, मुलीचं कधीच झालं, माझंच राहिलं होतं.

आग अजून विझली नाही, पुणे
'दुनियादारी'वाले कोणी आहे का? सुहास शिरवळकरांवर आम्ही कॉलेजची वर्षं काढली. २०१३ मध्ये सिनेमा आला तर थिएटरमध्ये पोरं संवाद आधीच म्हणत होती, शिट्ट्या वेगळ्याच. आम्ही दोघं मित्र थंड. शेवट का बदलायचा? तो शेवट पचवण्यासाठीच तर ती कादंबरी होती. मात्र भाचा दुसऱ्या आठवड्यात पुस्तक मागायला आला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. वाचून म्हणाला, मामा, सिनेमाच भारी. त्याच्याशी सध्या जेवढ्यास तेवढं.

निवृत्त बातमीदार, मुंबई
शेवट बदलण्यावर एवढं कशाला तापायचं? 'सिंहासन' बघा. १९७९, जब्बार पटेल. अरुण साधूंच्या एक नाही, दोन कादंबऱ्या, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन', आणि विजय तेंडुलकरांनी त्यांची एक पटकथा केली. किती पात्रं, किती पानं गळाली असतील! पण निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस हातात वही घेऊन सत्तेच्या दारातून आत-बाहेर करतो आणि दोन्ही पुस्तकं त्याच्या चेहऱ्यावर एकत्र येतात. आमच्या प्रेस रूममध्ये दिगू म्हणून हाक मारली की तिघे वळायचे.

सासरमाहेर, ठाणे
'उंबरठा' शांता निसळांच्या 'बेघर'वरून आहे हे मला सिनेमा बघून कितीतरी वर्षांनी कळलं. पुस्तक मिळवून वाचलं. स्मिता पाटील काही हटेना. वाचताना प्रत्येक वेळी तिचेच डोळे. चांगला सिनेमा आधी बघण्याचा हा तोटा मान्य करायलाच हवा.

अकरावी, कॉमर्स
काकू, मी तुमच्या लेकीच्याच बाजूचा. आईने मलाही आधी पुस्तक दिलं होतं, ते वीसेक पानांवर उपडं पडून राहिलं. सिनेमा मित्राच्या घरी बघितला, मग पुस्तक पूर्ण केलं, बिल्डिंगमधला भाग दोनदा. दाखवायचा असेल तर दाखवा, फक्त सोबत बसू नका. शिरोडकर आली की शेजारून आई "आमच्या वेळी ना..." सुरू करते, मग काय बघणार कप्पाळ.