आनेक लाइन्सच्या ताफ्यात जपानी जहाजे इतकी कशी?

प्रश्न : क्रीट बेटावरील आनेक लाइन्स या ग्रीक फेरी कंपनीच्या जुन्या ताफ्याची यादी चाळताना बरीच जहाजे आधी जपानमध्ये धावलेली आढळली. कंपनीने सुरुवातीपासूनच वापरलेली जहाजे घेतली होती का?

प्रतिसाद 1 : होय, आणि त्यात एक विसंगती आहे. 8 डिसेंबर 1966 रोजी ‘हेराक्लिओन’ हे जहाज एजियन समुद्रातील फाल्कोनेरा या छोट्या बेटाजवळ बुडून दोनशेहून अधिक माणसे गेली; तेही 1949 मध्ये बांधलेले, ब्रिटिश मालकाकडून घेऊन फेरीत रूपांतरित केलेले जहाज होते. त्या धक्क्यातून, बिशप इरिनेओस यांच्या पुढाकाराने, क्रीटमधील हनिया शहराच्या परिसरातील सामान्य लोकांनी भाग (शेअर) विकत घेऊन 1967 मध्ये आनेक स्थापन केली. तरीही तिचे पहिले जहाज ‘किदोन’ म्हणजे रूपांतरित तेलवाहू जहाजच होते, कारण नव्या जहाजाचा खर्च लोकवर्गणीच्या भांडवलाला झेपणारा नव्हता.

प्रतिसाद 2 : जपानी कंपन्या जहाजे तुलनेने लवकर विकतात आणि त्यांची निगा उत्तम असते. 1979 मध्ये बांधलेली ‘न्यू सुझुरान’ आणि ‘न्यू युकारी’ ही जोडी 1996 मध्ये आनेककडे येऊन ‘क्रिती 1’ आणि ‘क्रिती 2’ झाली. मालमोटारींसाठी प्रशस्त डेक आयताच मिळत असे. प्रवाशांच्या सोयी मात्र बदलाव्या लागत.

प्रतिसाद 3 : एक पुरवणी. ‘ऑलिंपिक चॅम्पियन’ (2000) आणि ‘हेलेनिक स्पिरिट’ (2001) ही जहाजे नॉर्वेत नवी बांधून घेतलेली होती.