संत्र्याच्या झाडाच्या सालीतून निघालेला, सोंड नसलेला पतंग: आदिम कुळात धरायचा का?

बांधावरचा
वरुड तालुक्यातल्या संत्रा बागेतला नमुना आहे. फांदीच्या बेचक्यात भुसा आणि रेशमी धागे मिळून सालीवर जाळी झालेल्या फांद्या कापून, जाळी बांधलेल्या पिंपात ठेवल्या होत्या. जूनमध्ये तीन माद्या आणि एक नर निघाला. पंखविस्तार 36 ते 40 मिमी, रंग फिका तपकिरी, पुढच्या पंखावर गडद ठिपके. सोंड दिसत नाही. मागच्या पंखाच्या बुडाशी फ्रेन्युलमचा, म्हणजे दोन्ही पंख एकमेकांना अडकवणारा काटाही सापडला नाही. सोंड नाही आणि काटाही नाही म्हणून हेपिअलिडी, म्हणजे आदिम पतंग, असं मी नोंदवलं आहे. बरोबर आहे का? वर्णन लिहायचं तर कोणते अवयव दाखवावे लागतील?

शिरांचा_नकाशा
भाऊ, नोंद बदला. संत्र्यावर अशी जाळी करणारी ही साल खाणारी अळी इंडरबेला असण्याची शक्यता सर्वात जास्त. तिचं कुळ मेटार्बेलिडी, खोड पोखरणाऱ्या कॉसिडी कुळाच्या जवळचं. ही कुळं वंशवृक्षाच्या डिट्रिसिया या मोठ्या फांदीवर येतात, आणि पतंग-फुलपाखरांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे 98 टक्के जाती याच फांदीवर आहेत.

चूक कुठे होते ते सांगतो, कारण ती फार जणांकडून होते. "अवयव नाही" याचे दोन अर्थ असतात: पूर्वजांकडेही नव्हता, किंवा पूर्वजांकडे होता आणि नंतर गेला. मायक्रोप्टेरिगिडी कुळाला सोंड कधी आलीच नाही. त्यांना चावणारे जबडे आहेत आणि प्रौढ पतंग परागकण, नेच्याचे बीजाणू चावून खातात. हेपिअलिडीची सोंड मात्र नंतर खुंटली. तुमच्या पतंगाच्या वंशात ती स्वतंत्रपणे गेली. तोंड सारखंच रिकामं दिसतं, पण कारणं तीन वेगळी.

काट्याचंही तेच. मेटार्बेलिडीत फ्रेन्युलम नसतो किंवा नाममात्र उरलेला असतो. म्हणून काटा नाही एवढ्यावर थांबू नका, पुढच्या पंखाच्या बुडाशी मागच्या कडेला बोटासारखा लहान पदर आहे का पाहा. तो जुगम. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ जू, बैलांच्या मानेवरचं तेच. हेपिअलिडीत तो स्पष्ट असतो. बारीक ब्रशने पंख किंचित उचलून भिंगाखाली पाहिलं तर पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

पण खरी कसोटी शिरांची. पंखाची खालची बाजू वर येईल असा धरा, 70 टक्के अल्कोहोलचा एक थेंब सोडा. थेंब उडेपर्यंत काही सेकंद शिरा काचेसारख्या दिसतात, तेवढ्यात फोटो काढा. मागच्या पंखात रेडियल सेक्टर ही शीर पुढच्या पंखासारखीच फाटून चार फांद्या होत असतील तर हेपिअलिडी. एकच, न फाटलेली असेल तर नाही.

कॉस्टिक_पोटॅश
शिरांबद्दल सहमत. माद्या तीन आहेत तर एकीचं पोट उघडाच, त्यावर कुणी वाद घालत नाही.

पोट बुडाशी वर दाबून तोडा. 10 ग्रॅम कॉस्टिक पोटॅश 100 मिली पाण्यात, असं द्रावण करा. थंडीत रात्रभर ठेवलं तरी चालतं. आपल्याकडे मे-जूनमध्ये खोलीचाच पारा 40 च्या वर असतो, तेव्हा रात्रभर ठेवलेलं पोट सकाळी लिबलिबीत होऊन नाजूक पडदे फाटतात. दर अर्ध्या तासाने सुईने दाबून पाहा, आतलं मांस सैल झालं की काढा. पोटॅशचे दाणे हवेतलं पाणी ओढतात. पावसाळ्यात डबी उघडी राहिली तर वजन खोटं येतं आणि द्रावण कमजोर होतं.

नंतर पाण्यात ब्रशने खवले झाडा. पोट बाजूने चिरा, खालून चिरलं तर नेमकं बघायचं तेच कापलं जातं. पिंपात निघालेल्या मादीचं पोट अंड्यांनी गच्च असतं, ती आधी काढा. क्लोराझोल ब्लॅकचा हलका रंग दिला की पडदे दिसतात.

मीलनाचं छिद्र आठव्या खंडाच्या खालच्या बाजूला, अंडी घालायचं वेगळं टोकाला, आणि दोन्हींना जोडणारी बारीक नळी शरीराच्या आत असेल तर डिट्रिसिया. हेपिअलिडीतही छिद्रं दोनच, पण दोन्ही टोकाजवळ, आणि त्यांना जोडणारी नळी नसून बाहेरून खाच असते. मायक्रोप्टेरिगिडीत छिद्र एकच. पाहून झालं की पोट ग्लिसरीनच्या बारीक नळीत घालून त्याच नमुन्याच्या टाचणीला लावा. वेगळ्या डबीत ठेवलेली पोटं हमखास अदलाबदल होतात.

बांधावरचा
शीर एकच आहे, फाटलेली नाही. जुगम नाही. म्हणजे हेपिअलिडी गेलं. मग मायक्रोप्टेरिगिडी, हेपिअलिडी वगैरे मिळून "आदिम पतंग" असा एक गट तरी मानायचा का?

शिरांचा_नकाशा
नाही. दोन्ही पंखांच्या शिरा सारख्या असणं आणि जुगम असणं हे जुन्या पूर्वजांकडून आलेलं आहे. जुनं जपलं म्हणून दोघे जवळचे ठरत नाहीत, नवं जे एकत्र मिळालं त्यावर नातं ठरतं. सोंड हे असं नवं लक्षण. हेपिअलिडीच्या पूर्वजांना ती होती, म्हणून ते तुमच्या इंडरबेलाला मायक्रोप्टेरिगिडीपेक्षा जवळचे.

मांडणी थोडक्यात अशी: मायक्रोप्टेरिगिडी, कौरी वृक्षांच्या बियांत वाढणारे अ‍ॅगॅथिफॅगिडी आणि दक्षिण अमेरिकेतले हेटेरोबॅथमिडी ही तीन जबडेवाली कुळं मुळाशी. त्यांचा आपसातला क्रम अभ्यासागणिक बदलतो. बाकी सारे ग्लोसाटा, म्हणजे सोंडवाले. ग्लोसाटातल्या बहुतेकांचे खवले पोकळ असतात. जर्मनीत सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात असे पोकळ खवले सापडल्याचं 2018 मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे फुलं यायच्या कितीतरी आधी सोंड होती! या साऱ्या गणाचं सर्वात जवळचं भावंड म्हणजे पाण्यात घरटी बांधणाऱ्या अळ्यांचे ट्रायकॉप्टेरा.

पानाआड
विदर्भात मुळाकडच्या फांद्या बघायच्या असतील तर दिव्यापेक्षा पानं तपासा. डिट्रिसियाबाहेरचे नाग-अळीवाले, म्हणजे ज्यांची अळी पान आतून पोखरते असे पतंग इथेही आहेत. बोरीच्या पानात टिशेरिइडी पाहा, त्यांचा कोष पानातच होतो. जांभळाच्या पानात लंबगोल तुकडा कापून गळालेलं भोक दिसलं तर हेलिओझेलिडीचं अँटिस्पिला असू शकतं. कोष त्या तुकड्यात असतो, म्हणून झाडाखालचा पाचोळाही गोळा करा. नेप्टिक्युलिडीचा पंखविस्तार बहुधा 3 ते 8 मिमी, मिशीच्या बुडाचा भाग डोळ्यावर टोपीसारखा.

अळी जिवंत असलेलं पान डबीत, तळाला जेमतेम ओलसर टिपकागद. जास्त ओल झाली की दोन दिवसांत बुरशी. इतक्या लहान पतंगाला साधी टाचणी छाती फोडते, 0.15 मिमीची मिन्यूटन, म्हणजे बिनडोक्याची बारीक टाचणी घ्या आणि ती फोमच्या पट्टीवर रोवा. एक पाय 95 टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये डीएनएसाठी. इथाइल अ‍ॅसिटेटच्या बाटलीत मारलेल्याचा डीएनए खराब होतो, फ्रीजरमध्ये मारा. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, झाड आणि "अळीपासून वाढवला" हे हवंच. पान दाबून, वाळवून त्याच क्रमांकाने जपा. मेळघाटसारख्या राखीव जंगलातून काही उचलायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी.

जात खरंच नवी ठरली तर नाव देताना एकच होलोटाइप, म्हणजे ते नाव ज्याला कायमचं जोडलं जातं तो नमुना, ठरवा आणि तो 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली नेमलेल्या संग्रहात जमा करा. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग आहे. तोवर तुमच्या चार पतंगांच्या चिठ्ठीवर "इंडरबेला, जात अनिश्चित" एवढंच लिहा. जात ठरवायला नराचे जननांग लागतील आणि नर एकच आहे, तेव्हा त्याचं पोट पोटॅशमध्ये टाकायच्या आधी वरून-खालून फोटो काढून ठेवा.