बारा खोल्यांच्या पर्यटक निवासाने तंत्रज्ञानावर किती आणि कुठे खर्च करावा?

सुरूबन

नमस्कार. गुहागर तालुक्यात आमचे बारा खोल्यांचे घरगुती पर्यटक निवास असून खोलीबरोबर जेवणाची सोयही आम्हीच करतो. आरक्षणे जुन्या पाहुण्यांच्या फोनवरून, व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि दोन बुकिंग संकेतस्थळांमार्फत येतात. संकेतस्थळांचा वाटा दरवर्षी वाढतो आहे आणि त्याबरोबर कमिशनही. नोंद मात्र अजून वहीतच होते : खोल्यांचे उभे रकाने, तारखांच्या आडव्या ओळी आणि आगाऊ रक्कम जमा होईपर्यंत पेन्सिलीने लिहिलेले नाव. जोडून सुट्ट्या आल्या की एकच खोली दोघांना दिली जाण्याचा धोका असतो, कारण वहीत नाव चढल्यावर दोन्ही संकेतस्थळांवर ती खोली बंद करायला त्या क्षणी कोणी मोकळे नसते.

पुतण्याचा आग्रह आहे की चॅनल मॅनेजर (सगळ्या बुकिंग संकेतस्थळांवरच्या खोल्या एकाच ठिकाणाहून सांभाळणारी प्रणाली), हॉटेलचे सॉफ्टवेअर, मागणीनुसार दर आपोआप बदलणारी प्रणाली आणि जमल्यास पाहुण्याने स्वतःच चेक-इन करायचा किऑस्क, असे सगळे एकदमच घ्यावे. यांतील कशामुळे पाहुण्याला काही अधिक मिळेल आणि त्यातले काही आमच्याकडेही उरेल, हे जाणकारांनी सांगावे.

रात्रपाळी

मी मोठ्या हॉटेलांत आरक्षण आणि दरनिश्चितीचे काम केले आहे, त्यामुळे आधी हिशेब मांडतो. समजा, 3,000 रुपयांची खोली 18 टक्के कमिशनवर विकली गेली, तर 540 रुपये कमिशन आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे सुमारे 97 रुपये जातात. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याचे सर्वांनी स्वागत केले. पण हा दर इनपुट टॅक्स क्रेडिटविना आहे. म्हणजे नोंदणीकृत व्यावसायिकाला हे 97 रुपये पूर्वी वजावटीत मिळत, ते आता खर्चातच धरावे लागतात. सॉफ्टवेअरच्या वर्गणीवरच्या करालाही हेच लागू आहे. त्यामुळे विक्रेत्याने सांगितलेली किंमत ऐकताना करासहित आकडा विचारावा.

चॅनल मॅनेजर मात्र घ्यावा, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एका ठिकाणी खोली गेली की इतर सर्व ठिकाणी ती आपोआप बंद होते. रात्री रिकामी राहिलेली खोली दुसऱ्या दिवशी विकता येत नाही आणि दोनदा विकलेली खोली त्याहून महाग पडते. अट एकच : फोनवर ठरलेले आरक्षणही त्याच क्षणी त्यात भरले गेले पाहिजे, नाहीतर वही आणि संगणक यांच्यात तीच गल्लत पुन्हा होईल.

आपोआप दर बदलणाऱ्या प्रणालीवर मी पैसे घालणार नाही. हे तंत्र अमेरिकेत 1978 मध्ये विमानसेवा नियंत्रणमुक्त झाल्यानंतर विमान कंपन्यांनी वाढवले आणि मॅरियटसारख्या हॉटेल कंपन्यांनी ते पुढे उचलले. शेकडो खोल्या आणि अनेक वर्षांच्या नोंदी असतील, तर त्यातून मागणीचा अंदाज बांधता येतो. बारा खोल्यांच्या नोंदींतून प्रणालीला फारसे काही शिकता येत नाही, म्हणून ती बहुतेक वेळा शेजारच्या हॉटेलांचे दर पाहून आपले दर हलवते. आपली मागणी कधी वाढते हे कालनिर्णय पाहूनही कळते : दिवाळीची सुट्टी, नाताळ, जोडून येणारे शनिवार-रविवार. वर्षाच्या आरंभी चार-पाच दरपातळ्या ठरवून त्या तारखांना लावाव्यात. त्याहून उपयोगी म्हणजे किमान मुक्कामाची अट. तीन दिवसांच्या सुट्टीत फक्त शनिवारची रात्र विकली की शुक्रवार आणि रविवार रिकामे अडकून राहतात. अशा तारखांना दोन रात्रींची अट घातली, तर दर न वाढवताही उत्पन्न वाढते. ही सोय बहुतेक साध्या चॅनल मॅनेजरमध्ये असते, पण ती कोणी वापरत नाही.

माडाखाली

आमचे निवास मालवणजवळ आहे, त्यामुळे वरचे सर्व पटते; पण स्वयंपाकघराबद्दल कोणी बोलले नाही. आमच्याकडे पाहुणे परत येतात ते जेवणासाठी. आम्ही आगमनाच्या आदल्या दुपारी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरून प्रत्येकाला ठरलेला संदेश पाठवतो : किती वाजता पोहोचणार, मासे खाणारे किती, शाकाहारी किती, कोणाचा उपवास आहे का, लहान मुलांसाठी कमी तिखट हवे का. रात्री आठपर्यंत उत्तरांची यादी वहिनींच्या हातात असते आणि पहाटे लिलावावर किती सुरमई, किती बांगडा घ्यायचा ते त्यावरून ठरते. उरलेल्या माशाचे नुकसान कमी झाले आणि चतुर्थीला आलेल्या पाहुण्याला न विचारता मोदक मिळू लागले. यासाठी वेगळा पैसा लागला नाही.

माझ्या मते संकेतस्थळांवरचे अवलंबन हळूहळू सोडावे. गूगलने मार्च 2021 पासून हॉटेलांच्या आरक्षणाचे दुवे विनामूल्य दाखवायला सुरुवात केली आहे. चॅनल मॅनेजरमधून ते जोडता येतात का, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

खडूफळा

मी हॉटेल व्यवस्थापन शिकवतो. माडाखाली यांच्या पहिल्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे, दुसऱ्याशी नाही. कॉर्नेल विद्यापीठातील 2009 च्या एका अभ्यासात चार हॉटेले एक्सपीडिया या बुकिंग संकेतस्थळावर काही काळ दाखवली आणि काही काळ काढून घेतली, तेव्हा ती दिसत असताना त्यांच्या इतर मार्गांनी येणाऱ्या आरक्षणांत साडेसात ते 26 टक्के वाढ आढळली. पाहुणा तिथे पाहतो आणि मग थेट फोन करतो. त्यामुळे संकेतस्थळावरून पूर्ण बाहेर पडणे म्हणजे हमरस्त्यावरची पाटी उतरवणे होय. पहिल्या भेटीचे कमिशन हा जाहिरातीचा खर्च समजावा. दुसरी भेट मात्र थेटच यावी, यासाठी झटावे.

यात अडचण येते ती समान दराच्या अटीची, म्हणजे अन्यत्र कमी दर देऊ नये या करारातील कलमाची. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटी रुपयांचा दंड ठोठावताना अशा अटी काढण्याचा आदेश दिला होता. आपल्या करारात काय लिहिले आहे ते वाचावे; शंका असल्यास दर तोच ठेवून थेट येणाऱ्याला सकाळचे घावणे किंवा उशिरा खोली सोडण्याची मुभा द्यावी.

किऑस्कचा विषय एका वाक्यात संपावा, पण एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. जपानमधील नागासाकीजवळचे हेन-ना हॉटेल 2015 मध्ये यंत्रमानवांच्या भरवशावर सुरू झाले आणि 2019 पर्यंत 243 पैकी निम्म्याहून अधिक यंत्रमानव काढून टाकले गेले. खोलीतली बाहुली पाहुण्याच्या घोरण्याला सूचना समजून त्याला मध्यरात्री जागे करीत असे. मुंबईहून रात्रभर गाडी चालवून आलेल्या कुटुंबाला आपल्या अंगणात पडदा कशाला दाखवायचा? त्यांना कोणीतरी पुढे होऊन सोलकढी द्यावी.

सुरूबन

सर्वांचे आभार. चॅनल मॅनेजर आणि त्याला जोडलेले साधे सॉफ्टवेअर घ्यायचे, दरांची दिनदर्शिका आम्हीच करायची, किऑस्क नाही, इथवर घरात एकमत झाले आहे. आदल्या दुपारचा संदेश तर याच आठवड्यात सुरू करतो. विक्रेत्याशी बोलताना आणखी काय पाहावे?

रात्रपाळी

दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. पहिली, सेवा बंद केल्यास पाहुण्यांची संपूर्ण यादी, मुक्कामाच्या तारखा आणि आवडीनिवडींच्या नोंदींसह, एक्सेलमध्ये आपल्याला मिळेल. पुढच्या वर्षी थेट फोन कोणाला करायचा हे त्या यादीवरूनच ठरणार असल्याने ती अडकली तर बाकी सगळी बचत व्यर्थ जाते. दुसरी, इंटरनेट गेल्यावर पुढच्या काही दिवसांची आरक्षणे मोबाइलवर दिसतील की नाही. पावसाळ्यात हे प्रत्यक्ष जोडणी तोडून दाखवायला सांगावे, नुसत्या शब्दावर विसंबू नये.