कॅथेड्रलचे येते वर्ष: मुख्य दालन शहरासाठी किती उघडावे?

चर्चाप्रस्ताव: घंटाघर (येथे सर्वजण टोपणनावाने लिहितात)

कॅथेड्रलचे कारभारी मंडळ येत्या वर्षाचे कार्यक्रम ठरवायला बसते, तेव्हा त्याच्यापुढे दोन दिनदर्शिका असतात. पहिली चर्चची स्वतःची. ती नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाबरोबर सुरू होते आणि नाताळ, राखेचा बुधवार, उपवासकाळ, पवित्र आठवडा, ईस्टर, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या अवतरणाचा सण) या क्रमाने पुढे सरकते. दुसरी शहराची, तीत शाळांच्या सुट्ट्या, स्मृतिदिन आणि पर्यटकांचा हंगाम असतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा, आणि बिशपांचे आसन असलेल्या या वास्तूचे मुख्य दालन उपासनेखेरीजच्या वेळी कोणाला वापरू द्यावे, यावर येथे चर्चा व्हावी अशी माझी इच्छा आहे.

माझे मत आधीच सांगतो. हे दालन शहराला मोकळेपणाने द्यावे. संगीत, प्रदर्शने, व्याख्याने, शाळांचे उपक्रम, आणि गरज पडेल तेथे तिकीट लावलेले कार्यक्रमसुद्धा तेथे व्हावेत. मध्ययुगात या दालनांत आजच्यासारखी बाकांची रांग नव्हती. लोक तेथे उभे राहत, फिरत, भेटत असत. आज ज्या रिकामेपणाला आपण पावित्र्य समजतो, तो पुष्कळ ठिकाणी केवळ माणसे येत नसल्याचा परिणाम आहे.

अलीकडची दोन उदाहरणे पाहावीत. जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडमधील सॅलिसबरी कॅथेड्रलमध्ये करोनाची लस दिली गेली आणि लस घेऊन बसलेल्या वृद्धांसाठी तेथील ऑर्गनवादक वाजवत राहिले. ल्यूक जेरम या कलावंताने घडवलेली ७ मीटर व्यासाची चंद्राची प्रतिकृती लिव्हरपूल, ईली अशा कॅथेड्रलांच्या छताखाली टांगली गेली, तेव्हा एरवी चर्चचा उंबरा न ओलांडणारे लोकही तिच्याखाली मान वर करून उभे राहिले. अशा माणसांपैकी थोडी जरी पुन्हा आली, तरी तो उपक्रम सार्थ ठरला असे मी म्हणेन.

पैशाचा प्रश्नही टाळता येणार नाही. इंग्लंडमधील कॅथेड्रलांना सरकारकडून नियमित वार्षिक अनुदान मिळत नाही. २०१४ ते २०१८ या काळात पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त दुरुस्तीसाठी एकूण ४ कोटी पौंडांचा निधी देण्यात आला, पण तो अपवाद होता. छपराचे शिसे, रंगीत काचा, झिजलेला दगड यांची निगा वर्षानुवर्षे राखायची, तर भक्तांच्या दानावर सारा भार टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

प्रतिसाद: दगडी जिना

आपण दिलेल्या उदाहरणांपैकी सॅलिसबरीला माझा आक्षेप नाही. आजारी माणसाची काळजी घेणे हे चर्चचे मूळ काम आहे आणि तेथे लसीकरण झाले तेव्हा त्या दालनाने आपलाच धर्म पाळला. परंतु त्या उदाहरणाचा आधार घेऊन तिकिटांच्या कार्यक्रमांपर्यंत पोहोचणे मला मान्य नाही, कारण मधल्या पायऱ्या आपण गाळल्या आहेत.

२०१९ च्या उन्हाळ्यात नॉरिच कॅथेड्रलच्या मुख्य दालनात जत्रेतली सुमारे ५० फूट उंचीची गोल घसरगुंडी उभारली होती आणि त्याच उन्हाळ्यात रॉचेस्टर कॅथेड्रलमध्ये छोट्या गोल्फचा खेळ मांडला होता. दोन्ही ठिकाणी त्यामागे हेतू सांगितला गेला: नॉरिचमध्ये छतावरील कोरीवकाम जवळून दिसावे, आणि रॉचेस्टरमध्ये पुलांच्या प्रतिकृतींमधून मुलांना पूलबांधणी कळावी. हेतूंवर मी संशय घेत नाही. तरीही छत पाहण्यासाठी आरसे लावलेली हातगाडी पुरते. ती अनेक जुन्या चर्चमध्ये असते आणि तिच्यामुळे प्रार्थनेला बसलेल्या कोणाचेही लक्ष विचलित होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कँटरबरी कॅथेड्रलमध्ये कानाला हेडफोन लावून नाचण्याचे कार्यक्रम झाले. ११७० मध्ये आर्चबिशप थॉमस बेकेट यांची ज्या वास्तूत हत्या झाली आणि ज्यांच्या समाधीकडे शतकानुशतके यात्रेकरू चालत आले, त्या वास्तूत मद्याचा पेला हाती घेऊन नाचणे योग्य आहे का, असा प्रश्न विचारणाऱ्यांना जुनाट म्हणून बाजूला सारले गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इतिहासाबद्दलही एक गोष्ट नोंदवतो. लंडनच्या जुन्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचे मुख्य दालन सोळाव्या शतकात खरोखरच सार्वजनिक रस्ता झाले होते. तेथे सौदे होत, नोकर शोधले जात, बातम्या पसरत. परिणाम असा झाला की १५५४ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांना दालनातून बिअरची पिंपे व टोपल्या नेण्यास आणि घोडे-खेचरे हाकण्यास मनाई करावी लागली. मोकळेपणा होता हे खरे, पण त्याच्या काळातही लोकांना तो अतिरेक वाटत होता, हेसुद्धा तितकेच खरे आहे.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२१० वा नियम या बाबतीत मला समतोल वाटतो. पवित्र स्थळी उपासना, भक्ती आणि धर्म यांना पोषक तेवढेच व्हावे, आणि स्थळाच्या पावित्र्याला बाधा न आणणारा अन्य वापर बिशपांनी प्रत्येक प्रसंगी स्वतंत्रपणे ठरवावा, असे तो सांगतो. प्रत्येक प्रसंगी स्वतंत्रपणे, हा भाग महत्त्वाचा आहे. वर्षभराच्या पत्रकात दालन आधीच भाड्याने लावून टाकले, तर विचार करायला प्रसंगच उरत नाही.

प्रतिसाद: मंद्रसप्तक

या चर्चेत पावित्र्य आणि पैसा यांविषयी पुष्कळ बोलले जाईल. मला वेळेविषयी बोलायचे आहे, कारण मी अनेक वर्षे गायकवृंदात आहे आणि कार्यक्रमपत्रकाचा पहिला फटका गायनालाच बसतो.

इंग्लंडच्या परंपरेतील कॅथेड्रलमध्ये आठवड्यातील बहुतेक दिवशी सायंकाळी गायनासह प्रार्थना होते. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात आर्चबिशप क्रॅन्मर यांनी मठांतील संध्याकाळच्या व झोपण्यापूर्वीच्या प्रार्थना एकत्र करून तिची घडण केली. ती साधारण पाऊण तास चालते, तिला तिकीट नसते, आणि श्रोत्यांनी गायचे नसले तरी चालते. म्हणजे श्रद्धेविषयी साशंक असलेला माणूसही मागच्या बाकावर निःसंकोच बसू शकतो. शहरासाठी कॅथेड्रल करीत असलेला सर्वांत नियमित सार्वजनिक उपक्रम हाच आहे, आणि तो रोजचा असल्यामुळेच कोणत्याही पत्रकात ठळक छापला जात नाही.

आता मोठा कार्यक्रम ठरला की काय होते ते पाहा. दुपारपासून मंच बांधला जातो, दिव्यांचे मनोरे उभे राहतात, ध्वनियंत्रणेची चाचणी सुरू होते. त्या वेळेत गायकवृंदातील लहान मुलांचा सराव व्हायचा असतो. ऑर्गनचा स्वर जुळवायला शांतता लागते, आणि तापमान बदलले की नळ्यांचा स्वर सरकतो, म्हणून शेकडो माणसे व तापणारे दिवे यांच्या दुसऱ्या दिवशी ते वाद्य वेगळेच वाजते. मग सायंप्रार्थना बाजूच्या छोट्या प्रार्थनागृहात हलवली जाते किंवा गाण्याविना वाचली जाते. एखाद्या दिवशी हे समजून घेता येते. महिन्यात अनेकदा झाले, तर मुलांच्या पालकांना वाटू लागते की आपण मुलांना ज्या शिस्तीसाठी पाठवले ती संस्थेलाच महत्त्वाची वाटत नाही.

तरीही मी दगडी जिना यांच्या बाजूने पूर्णपणे उभी नाही. ग्लुस्टर, हेरफर्ड आणि वुस्टर या तीन कॅथेड्रलांचा संगीतोत्सव अठराव्या शतकाच्या आरंभापासून आळीपाळीने भरतो. त्या आठवड्यात तिकिटांच्या मोठ्या मैफली होतात आणि तीनही गायकवृंद मिळून रोजची सायंप्रार्थनाही गातात. ज्यांनी उत्सव रचला त्यांनी प्रार्थनेची वेळ आधी कोरून ठेवली आणि मैफली तिच्याभोवती बसवल्या, म्हणून हे शक्य झाले. येत्या वर्षाच्या पत्रकाविषयी माझी सूचना एवढीच की सायंप्रार्थना व सराव यांच्या वेळा प्रथम लिहाव्यात, आणि उरलेल्या वेळा इतरांना द्याव्यात.

आणखी एक. सामुदायिक जीवन म्हणजे बाहेरच्यांना दालन देणे, असे गृहीत धरले जात आहे. सॅलिसबरीने १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र गायकवृंद सुरू केला, तेव्हा शहरातील कितीतरी कुटुंबांचे त्या वास्तूशी नाते बदलले. ज्यांना संगीताची पार्श्वभूमी नाही अशा मुलामुलींसाठी सरावाचे खुले दिवस ठेवणे, प्रौढांसाठी महिन्यातून एकदा सर्वांनी गाण्याची संध्याकाळ ठेवणे, हे कोणत्याही प्रदर्शनाहून अधिक काळ टिकणारे काम आहे. प्रदर्शन पाहायला येणारा पाहून जातो. गायला येणाऱ्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा यावे लागते.

प्रतिसाद: उघडे दार

शुल्काचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. पॅरिसचे नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. उघडण्यापूर्वी फ्रान्सच्या संस्कृतिमंत्री रशिदा दाती यांनी पर्यटकांकडून ५ युरो घेऊन देशातील जुन्या चर्चची डागडुजी करावी, असा प्रस्ताव मांडला होता. पॅरिस धर्मप्रांताने तो नाकारला; भक्त आणि पर्यटक असे दोन गट करून दारात उभे करता येत नाहीत, अशी चर्चची भूमिका होती. मला ती योग्य वाटते. आत पाऊल टाकताना आपण पाहायला आलो की प्रार्थना करायला, हे पुष्कळांना स्वतःलाच ठाऊक नसते.

मैफलींबाबतही व्हॅटिकनने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी चर्चमधील संगीतसभांविषयी जे पत्र काढले, त्यात प्रवेश विनामूल्य व सर्वांना खुला असावा असे म्हटले आहे. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे नाहीत, त्याला कॅथेड्रलच्या दारातून परत पाठवण्याची पाळी एका संध्याकाळीही येऊ नये.

प्रतिसाद: घंटाघर

सर्वांचे आभार. तीन मुद्द्यांवर उत्तर देतो.

नोत्र दामचे उदाहरण सर्वत्र लागू होत नाही. चर्च आणि शासन वेगळे करणाऱ्या १९०५ च्या कायद्यानंतर फ्रान्समधील जुनी कॅथेड्रले बहुतांशी शासनाच्या मालकीची आहेत आणि वास्तूच्या मोठ्या दुरुस्तीची जबाबदारीही शासनावर येते. जेथे ती जबाबदारी खुद्द कॅथेड्रलच्या कारभारी मंडळावर असते, तेथे केवळ दार उघडे ठेवावे असे म्हणून भागत नाही. ते दार ज्या भिंतीत आहे ती भिंतही कोणीतरी उभी ठेवायची असते. प्रार्थनेसाठी येणाऱ्याला कधीही शुल्क नसावे, हे मी मान्य करतो. मैफलीला तिकीट असावे आणि त्यातील काही जागा विनामूल्य राखाव्यात, हा मार्ग मला प्रामाणिक वाटतो.

मंद्रसप्तक यांची सूचना मी जशीच्या तशी स्वीकारतो. सायंप्रार्थनेची वेळ प्रथम लिहिली जावी आणि ती कोणत्याही भाडेकरूसाठी हलवली जाऊ नये.

दगडी जिना यांच्याशी मात्र माझा मतभेद कायम आहे. पावित्र्याला बाधा येते की नाही हे ठरवताना आपण नेहमी आधीच आत असलेल्यांच्या भावनांचा विचार करतो. बाहेर असलेल्यांना हे दालन किती परके आणि भीतिदायक वाटते, त्यांना बोलण्याचा अधिकार आहे की नाही या शंकेने ते दारातूनच कसे परततात, याचा विचार त्या मोजणीत येत नाही. घसरगुंडीवरून खाली आलेल्या मुलाला ते छत आपले वाटले असेल, तर मी त्याला अपवित्र म्हणू शकत नाही.

प्रतिसाद: दगडी जिना

मुलाला छत आपले वाटले असेल, हे शक्य आहे. पण त्याला घसरगुंडी आपली वाटली असेल, हेही शक्य आहे. आणि पुढच्या उन्हाळ्यात घसरगुंडी नसेल तेव्हा ते येईल का, याचे उत्तर आपल्या मांडणीत मिळत नाही. परक्या माणसाची भीती घालवायची असेल, तर दाराशी स्वागताला एक माणूस बसवावा, जो विचारल्याशिवाय उपदेश करणार नाही आणि विचारल्यास उत्तर देईल. त्यासाठी मंच लागत नाही.

पत्रकाविषयी माझी मागणी नेमकी आहे. आगमनकाळ आणि राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे दिवस यांत दालन कोणत्याही व्यावसायिक कार्यक्रमाला देऊ नये. उपवासकाळाचे ४० दिवस संयमाचे आहेत. त्या दिवसांत वेदीवर फुलेही मांडत नाहीत, मग तेथे मेजवानी कशी व्हावी? उरलेल्या वर्षात प्रत्येक कार्यक्रमाचा निर्णय स्वतंत्र व्हावा आणि त्या निर्णयात गायकवृंदाचा व नित्य उपासकांचा एकेक प्रतिनिधी असावा.

प्रतिसाद: कंदील

मी दालनात स्वयंसेवक म्हणून बसते, म्हणून दाराशी माणूस बसवण्याच्या मुद्द्यावर थोडे लिहिते. असा माणूस मिळणे सोपे नाही. दुपारच्या वेळी येऊ शकणारे बहुतेक जण निवृत्त आहेत आणि थंडीच्या दिवसांत दगडी दालनात तासन् तास बसणे त्यांच्या प्रकृतीला झेपत नाही. नवा उपक्रम सुचवणाऱ्याने त्यासाठी कोण बसणार हेही त्याच कागदावर लिहिले पाहिजे.

येत्या वर्षात एखादी गोष्ट नव्याने सुरू करायची असेल, तर ती इंग्लंडमधील कॉव्हेंट्री कॅथेड्रलसारखी असावी असे मला वाटते. १४ नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात ते कॅथेड्रल उद्ध्वस्त झाले. नवे १९६२ मध्ये जुन्या अवशेषांना लागूनच उभे राहिले, आणि तेथे दर शुक्रवारी दुपारी १२ वाजता समेटाची प्रार्थना म्हटली जाते. काही मिनिटांची ती प्रार्थना आहे. तिला मंच, दिवे, तिकीट यांतले काही लागत नाही, आणि शहरात कामाला आलेला कोणीही जेवणाच्या सुट्टीत तेथे थांबू शकतो. घंटाघर यांना हवी असलेली नवी माणसे आणि दगडी जिना यांना हवी असलेली शांतता दोन्ही तेथे असतात. छपराचा खर्च मात्र त्यातून निघत नाही, म्हणून मैफलींच्या तिकिटांना माझा विरोध नाही. फक्त शुक्रवारची दुपार मोकळी ठेवावी.